वॉकर्टनचे शंभर तास

वॉकर्टन हे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं, सोगीन नदीकाठचं सुमारे ४,८०० वस्तीचं गाव. २००० सालच्या मे महिन्यात तिथल्या नळाच्या पाण्यानं २,३०० हून जास्त माणसं आजारी पडली आणि सात जण दगावले. अशी बातमी वाचली की आपण धरूनच चालतो, पाणी कुणी तपासलं नसणार. वॉकर्टनचं पाणी तपासलं होतं. नमुना घेतला, बाटली प्रयोगशाळेत पोचली, जंतू सापडले, अहवाल पाठवला गेला आणि तो हातात पडलाही. तिथून पुढे ‘पाणी उकळून प्या’ एवढं गावाला कळायला सुमारे शंभर तास लागले.

न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशी आयोगानं त्या दिवसांचा बारकाईनं माग काढला. त्यांचा पहिला अहवाल जानेवारी २००२ मध्ये आला. दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्याला ज्याचा हात लागतो, मग तो नगरपालिकेचा अभियंता असो की ऑफिसांच्या इमारतीची टाकी सांभाळणारा मॅनेजर, त्यानं तो वाचायलाच हवा. पुढचा घटनाक्रम त्या चौकशीतून समोर आलेला आहे. तास मोजलेत ते रविवार, २१ मे, दुपारी दीड वाजेपर्यंतचे, म्हणजे गावाला इशारा मिळाला त्या क्षणापर्यंतचे.

शुक्रवार, १२ मे, रात्र. सुमारे २०० तास आधी

सोमवारपासून पाऊस लागून राहिला होता. पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पडला, त्यातला ७० मिलिमीटर एकट्या शुक्रवारी. कोकणातल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल; त्या भागातल्या मे महिन्याला तो फार होता.

गावाला त्या आठवड्यात मुख्यतः विहीर क्रमांक ५ चं पाणी जात होतं. विहीर म्हणजे खरं तर बोअर, १९७८ साली मारलेली. खोली १५ मीटर, पण केसिंग फक्त वरच्या ५ मीटरपर्यंत, आणि पाणी लागलं होतं साडेपाच ते साडेसात मीटरच्या पट्ट्यात, भेगाळलेल्या चुनखडकात. वर मातीचा थर पातळ. अशा जागी जमिनीवरचं पाणी गाळून निघायच्या आत खाली पोचतं. बोअर मारली तेव्हाच भूजलतज्ज्ञानं भोवतालची जमीन ताब्यात घ्यावी असं सुचवलं होतं. ते झालं नाही.

जवळच गुरं पाळणारं एक शेत होतं आणि तिथे एप्रिलमध्ये शेणखत टाकलेलं होतं. त्या शेतकऱ्याला आयोगानं स्पष्ट शब्दांत निर्दोष ठरवलं. खत टाकण्याची जी योग्य रीत, तीच त्यानं पाळली होती. पावसानं ते खत जमिनीत उतरवलं आणि त्याबरोबर दोन जंतू बोअरमध्ये आले: ई. कोलाय ओ१५७:एच७ आणि कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. हे दुसरं नाव आपल्याकडे २०२५ च्या जानेवारीत घरोघर पोचलं. पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढू लागले, तेव्हा काही रुग्णांच्या तपासणीत तो सापडला होता आणि संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती.

शनिवार, १३ मे, दुपार. सुमारे १९० तास आधी

पाणीपुरवठा पाहणाऱ्या वॉकर्टन पब्लिक युटिलिटीज कमिशनचे फोरमन फ्रँक कोबेल विहीर क्रमांक ५ वर आले. नोंदवहीत त्यांनी शेष क्लोरीनचा आकडा लिहिला: ०.७५. तो मोजलेला नव्हता.

या एका रकान्यावर थांबायला हवं. पाण्यात क्लोरीन सोडला की आधी तो पाण्यातल्या घाणीशी लढण्यात खर्च होतो. लढून जो उरतो तो शेष क्लोरीन. घाण अचानक वाढली तर शेष क्लोरीन घसरतो, शून्यावरही येतो, आणि हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही की चोवीस तासांची वाटही पाहावी लागत नाही. जागेवर, काही मिनिटांत कळतं. ओंटारिओचा दंडक होता की क्लोरीन मिसळून पंधरा मिनिटं गेल्यावर लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम उरलाच पाहिजे. त्या शनिवारी कुणी खरोखर मोजलं असतं तर क्लोरीन उरलेलाच नाही हे दिसलं असतं, आणि आयोगाच्या मते साथीची व्याप्ती बरीच कमी झाली असती. विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं बसवलेली असती तर साथ आलीच नसती, असंही आयोगानं म्हटलं आहे.

महाराष्ट्रात गावोगावचे पाणीपुरवठा कर्मचारी हेच काम ओटी टेस्टनं करतात. छोट्या नळीत पाणी, त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब, आणि पिवळा रंग आला की टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पुरेशी पडली. आपलं मानक आयएस १०५०० किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन मागतं. चाचणी अगदी स्वस्त आहे. पण तिचा आकडा वहीत चढतो तेव्हा त्यामागे खरंच नळी हातात धरलेली होती का, हे वही सांगत नाही. वॉकर्टनच्या वहीत वर्षानुवर्षं ०.५ आणि ०.७५ हे दोनच आकडे आलटून पालटून लिहिलेले होते. निसर्गातला कुठलाही आकडा इतका शिस्तीत राहत नाही. तपासणीला आलेल्या कुणीही एकदा पानं चाळली असती तरी शंका यावी, इतकी ती नोंद उघडपणे खोटी होती.

हे घातपातानं झालं नाही. तिथले कर्मचारी स्वतः विहिरीवर क्लोरीन न घातलेलं पाणी पीत होते. आपल्या जमिनीतलं पाणी मुळातच शुद्ध आहे अशी त्यांची श्रद्धा होती, आणि क्लोरीन जास्त झाला की गावकरी वासाची तक्रार करत. फ्रँक आणि त्यांचे भाऊ, सरव्यवस्थापक स्टॅन कोबेल, दोघांनाही परवाने मिळाले होते ते परीक्षा न देता, अनुभवाच्या जोरावर. ई. कोलाय माणसाला काय करू शकतो हे त्यांना नीट ठाऊकच नव्हतं. म्हणून त्यांची जबाबदारी कमी होते असं मला वाटत नाही. पण ज्यांनी त्यांना हे न शिकवता त्या जागी बसवलं, जबाबदारी त्यांचीही आहे.

रविवार, १४ मे

पुन्हा ०.७५. पुन्हा न मोजता.

मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे मदर्स डे. घरोघरी पाहुणे, टेबलावर पाण्याचे जग.

सोमवार, १५ मे, सकाळ. सुमारे १५० तास आधी

स्टॅन कोबेल पाणीपुरवठ्याशी संबंधित एका परिषदेहून परतले होते. त्यांनी विहीर क्रमांक ७ सुरू केली आणि दुपारी क्रमांक ५ बंद झाली. ऐकायला बरं वाटतं, पण क्रमांक ७ वर त्या वेळी क्लोरीन सोडणारं यंत्रच नव्हतं. नवीन क्लोरीनेटर डिसेंबर १९९८ पासून आणून ठेवलेला होता, बसवलेला नव्हता. शुक्रवारपर्यंत गावाला क्लोरीनशिवाय पाणी गेलं. आठवड्याच्या शेवटी जंतू आधीच वाहिन्यांत शिरले होते, आणि आता त्यांना अडवायला काहीच नव्हतं.

त्याच दिवशी नेहमीप्रमाणे नमुने घेतले गेले. शिवाय हायवे ९ वर नवी जलवाहिनी टाकण्याचं काम चालू होतं, तिथलेही नमुने होते. बाटल्यांवर जागा लिहिल्या होत्या. ‘विहीर ७’ लिहिलेला नमुना मात्र बहुधा तिथला नव्हताच. कमिशनच्या वर्कशॉपमधल्या, विहीर क्रमांक ५ च्या जवळच्या नळावरून तो भरला असावा, असं आयोगाला आढळलं. सोयीच्या नळावरून बाटली भरायची आणि चिठ्ठी दुसऱ्या जागेची लावायची, ही तिथली जुनी सवय होती.

मंगळवार, १६ मे. सुमारे १२५ तास आधी

नमुने ए अँड एल या खासगी प्रयोगशाळेत पोचले. १०० मिलिलिटर पाणी बारीक छिद्रांच्या पडद्यातून गाळतात, पडदा पोषक द्रव्याच्या थाळीवर ठेवतात आणि थाळी उबेत ठेवून वाट पाहतात. एकेक जंतूची वाढून ठिपक्याएवढी वसाहत होते. याला साधारण चोवीस तास लागतात आणि ते कुणाला टाळता येत नाहीत. म्हणूनच नळावरची क्लोरीनची मोजणी आधी आणि प्रयोगशाळा नंतर.

बुधवार, १७ मे, सकाळ. सुमारे १०० तास आधी

प्रयोगशाळेनं स्टॅन कोबेल यांना फोन केला. हायवे ९ च्या कामावरच्या नमुन्यांत कोलिफॉर्म आणि ई. कोलाय, दोन्ही सापडलेत. नेहमीच्या नमुन्यांचंही लक्षण ठीक नाही. मग फॅक्सनं अहवाल आला. ‘विहीर ७’ची चिठ्ठी असलेल्या नमुन्यात वसाहती २०० हून जास्त, कोलिफॉर्मच्याही आणि ई. कोलायच्याही, थाळी पूर्ण भरून गेलेली. पिण्याच्या पाण्यात ई. कोलायचा मान्य आकडा शून्य आहे, तिथेही आणि आपल्या आयएस १०५०० मध्येही.

हा कागद त्या सकाळी गावाच्या आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर असता तर दुपारपर्यंत रेडिओवर सूचना गेली असती. तो गेला फक्त गिऱ्हाइकाला, म्हणजे पाणी पुरवणाऱ्यालाच.

असं का झालं, याचं उत्तर चार वर्षं मागे आहे. १९९६ पर्यंत ओंटारिओतल्या नगरपालिकांच्या पाण्याची तपासणी सरकारी प्रयोगशाळा करत. मग खर्चकपातीत माईक हॅरिस यांच्या सरकारनं हे काम सोडून दिलं, जेमतेम दोन महिन्यांची पूर्वसूचना देऊन. तपासणी खासगी प्रयोगशाळांकडे गेली. वाईट निकाल आला तर पर्यावरण खात्याला कळवावं, एवढं मार्गदर्शक तत्त्व होतं, कायदा नव्हता. धोका कुणाच्या ध्यानात आला नव्हता असंही नाही. १९९७ मध्ये प्रांताच्या आरोग्यमंत्र्यांनी पर्यावरणमंत्र्यांना पत्र लिहून ही सक्ती कायद्यानं करा, असं सांगितलं होतं. आहे ती व्यवस्था पुरेशी आहे, असा जबाब आला. वॉकर्टनसाठी आधी काम करणारी प्रयोगशाळा वाईट निकाल पर्यावरण खात्यालाही कळवत असे. तिनं ही चाचणी बंद केली आणि मे महिन्यात ए अँड एल आली. नव्या प्रयोगशाळेला ते मार्गदर्शक तत्त्व ठाऊक नव्हतं; अहवाल म्हणजे आपली आणि गिऱ्हाइकाची गोपनीय बाब, असा तिचा समज होता.

या समजाकडे आपणही बघायला हवं, कारण आपल्या शहरांतल्या व्यापारी इमारती याच समजावर चालतात. ऑफिसांचं संकुल, मॉल, हॉटेल, रुग्णालय, कोचिंग क्लासची बहुमजली इमारत घ्या. पालिकेची लाइन, टँकर आणि बोअर यांचं पाणी खालच्या टाकीत एकत्र होतं, पंपानं गच्चीवरच्या टाकीत जातं, तिथून मजल्यामजल्यावर उतरतं. पालिकेनं दिलेला क्लोरीन या प्रवासात विरतो. टाकीचं झाकण, शेजारून गेलेली मैलावाहिनी, पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचणारं पाणी, यांतलं काहीही पालिकेच्या तपासणीत येत नाही. ते इमारतीच्या पोटात घडतं. नमुना घेते ती मालकानं किंवा देखभालीच्या कंत्राटदारानं नेमलेली प्रयोगशाळा. अहवाल जातो ज्यानं बिल भरलं त्याला. चांगला आला तर पँट्रीच्या भिंतीवर लागतो. वाईट आला तर टाकी धुऊन पुन्हा नमुना पाठवतात, आणि मधल्या दिवसांत सातव्या मजल्यावर पाणी प्यायलेल्या मुलीला त्या कागदाचा पत्ताही नसतो. शिवाय बाटली भरली जाते तळमजल्यावरच्या फिल्टरखाली, कारण ते सोयीचं. टाकीपासून सर्वांत लांबचा, क्वचित उघडला जाणारा नळ तसाच राहतो. अशा इमारतीत काम करणाऱ्या माणसाला मी दोनच गोष्टी विचारायला सांगेन: नमुना कुठल्या नळाचा, आणि अहवालाची प्रत मालकाखेरीज कुणाकडे जाते.

वॉकर्टनला त्या बुधवारी प्रत कुणाकडेच गेली नाही.

गुरुवार, १८ मे. सुमारे ७० तास आधी

ओवेन साउंडच्या रुग्णालयात दोन मुलं दाखल झाली, नऊ वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. पोटात पिळवटून टाकणाऱ्या कळा, मग रक्ताचे जुलाब. दोघंही वॉकर्टनच्या मदर तेरेसा शाळेतली. त्या दिवशी शाळेत वीस मुलं गैरहजर होती.

ओ१५७:एच७ ला शरीरात रुजायला साधारण तीन-चार दिवस लागतात. त्यामुळे शनिवार-रविवारी प्यायलेलं पाणी आता बोलू लागलं होतं. हा जंतू जे विष सोडतो ते रक्तातून मूत्रपिंडात जातं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्याच्या तावडीत आधी सापडतात. जुलाब थांबवायची गोळी दिली तर विष आतच राहतं. प्रतिजैविकांनीही आजार बिघडू शकतो. म्हणजे घरात आई जे सहज करेल, नेमकं तेच इथे घातक ठरू शकतं. म्हणून रोग कोणता हे लवकर कळणं हा जीवनमरणाचा प्रश्न होता, आणि ते ज्या कागदावर लिहिलं होतं तो कागद एका कार्यालयात पडून होता.

शुक्रवार, १९ मे. सुमारे ४८ तास आधी

मुलांवर उपचार करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना ई. कोलायची शंका आली. दोन मुलं, एकच शाळा, एकच गाव. त्यांनी आरोग्य विभागाला फोन केला. या साऱ्या घटनाक्रमात हातातल्या तुटपुंज्या पुराव्यावर ताबडतोब हालचाल करणारं पहिलं माणूस म्हणजे त्या.

आतापर्यंत गैरहजर मुलं पंचवीसवर गेली होती. वृद्धाश्रमात आणि दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रातही जुलाब-उलट्या सुरू झाल्या होत्या. शाळेच्या बाजूनं आरोग्य विभागाला सांगितलं गेलं की गावाच्या पाण्यातच काहीतरी आहे. शाळेतलं मूल आणि वृद्धाश्रमातले आजोबा एका ताटात जेवत नाहीत. दोघांत सामाईक असतो तो नळ. साध्या माणसाच्या डोक्यात आलेला हा विचार अचूक होता.

आरोग्य विभागानं दुपारी स्टॅन कोबेल यांना विचारलं: पाण्यात काही बिघाड आहे का? पाणी ठीक आहे, असं उत्तर आलं. फॅक्स येऊन दोन दिवस झाले होते. त्या दिवशी दोनदा विचारलं गेलं, दोन्ही वेळा दिलासा मिळाला. आणि आरोग्य विभागानं तोच दिलासा फोन करणाऱ्या नागरिकांना दिला.

त्याच दिवशी स्टॅन कोबेल यांनी वाहिन्या धुऊन काढायला आणि भरपूर क्लोरीन सोडायला सुरुवात केली. क्रमांक ७ चा क्लोरीनेटरही बसला. म्हणजे धोका आहे हे त्यांना उमगलं होतं. कुणाला न कळता पाणी दुरुस्त करून टाकू, अशी त्यांची धडपड होती. अशा वेळी माणूस स्वतःला समजावतो की उद्यापर्यंत सगळं साफ होईल, मग सांगायचं कशाला. पण वाहिनी धुतल्यानं शुक्रवारी संध्याकाळी पेला तोंडाला लावणारा वाचत नाही. तो वाचतो सांगितल्यानं. १९ मे रोजी इशारा दिला असता तर ३०० ते ४०० माणसं आजारी पडली नसती, असा आयोगाचा हिशेब आहे.

शनिवार, २० मे. सुमारे २४ तास आधी

सोमवारी व्हिक्टोरिया डेची सुट्टी, म्हणजे सलग तीन दिवस कार्यालयं बंद. एका रुग्णाच्या शौचाच्या तपासणीत ओ१५७:एच७ असल्याचा पहिला संकेत मिळाला. आरोग्य विभागानं पुन्हा दोनदा पाणीपुरवठ्याकडे विचारणा केली. पुन्हा तेच उत्तर.

आणि त्याच दिवशी पाणीपुरवठ्याच्याच एका कर्मचाऱ्यानं नाव न सांगता पर्यावरण खात्याच्या आपत्कालीन केंद्राला फोन केला: आमचे नमुने नापास झालेत. केंद्रानं स्टॅन कोबेल यांना विचारलं. वाईट निकाल आले ते नव्या वाहिनीच्या कामावरचे, असा समज होईल असं उत्तर त्यांनी दिलं. केंद्र तिथे थांबलं. नोकरी पणाला लावून एका माणसानं बातमी दाराबाहेर आणली होती, आणि ती पडताळायला विचारलं कुणाला, तर ज्यानं ती दाराआड ठेवली होती त्यालाच.

रविवार, २१ मे, दुपारी दीड

आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी इशारा दिला: पाणी उकळून प्या. पाण्याच्या अहवालाची प्रत त्यांच्याकडे अजूनही नव्हती. आजारी माणसांच्या तपासण्या आणि फोनवरून कळलेली लक्षणं, एवढ्यावर त्यांनी निर्णय घेतला. पाणीपुरवठ्यानं लपवलेली गोष्ट त्यांना रोग्यांच्या शरीरातून वाचावी लागली.

सूचना गेली ती स्थानिक रेडिओवरून. टीव्हीवर नाही, घरोघर पत्रकं नाहीत. सुट्टीचा रविवार. त्या दिवशी गावातल्या साधारण निम्म्याच लोकांना इशारा कळला. ध्वनिक्षेपक लावलेली एखादी गाडी गल्लीबोळांतून फिरवणं एवढं अवघड नव्हतं. गाव लहान होतं. मॅक्विग यांचं धाडस मान्य करूनही ही उणीव आयोगानं नोंदवली आहे.

आरोग्य विभागानं गावभरातून स्वतः वीस नमुने घेतले.

त्यानंतर

सोमवारी, २२ मे रोजी, पहिला मृत्यू झाला. मंगळवारी दोन वर्षांची मुलगी गेली. आजारी मुलांना हेलिकॉप्टरनं लंडन या ओंटारिओतल्याच शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेत होते. ६५ जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, २७ जणांना मूत्रपिंड निकामी करणारा हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम झाला.

दरम्यान नोंदवहीचं एक पान नव्यानं लिहिलं जात होतं. क्रमांक ७ क्लोरीनशिवाय चालवली हे दिसू नये म्हणून स्टॅन कोबेल यांनी भावाकडून आकडे बदलून घेतले. मंगळवारी आरोग्य विभागाच्या नमुन्यांचे निकाल आले. इतका क्लोरीन सोडूनही दोन ठिकाणी ई. कोलाय शिल्लक होता, वाहिनीच्या टोकांना, जिथे पाणी पुढे सरकत नाही. हे निकाल समोर ठेवल्यावर सतरा तारखेच्या फॅक्सची गोष्ट आरोग्य विभागाला कळली.

गुरुवारी, २५ मे रोजी, मॅक्विग यांनी जाहीर सांगितलं की हे टाळता आलं असतं. सरकारी अधिकारी सहसा असं बोलत नाहीत, आणि चौकशीची मागणी त्यानंतर कुणाला दाबता आली नाही. वॉकर्टनमध्ये पाणी उकळून पिण्याची सूचना उठली ५ डिसेंबरला. डिसेंबर २००४ मध्ये दोघा भावांना शिक्षा झाली: स्टॅन कोबेल यांना एक वर्षाची कैद, फ्रँक यांना नऊ महिन्यांची घरातली नजरकैद.

ऑगस्ट २००० मध्येच ओंटारिओनं नियम केला आणि पुढे २००२ च्या कायद्यानं तो पक्का केला. आता पिण्याचं पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेला परवाना लागतो. निकाल वाईट आला तर तिनं गिऱ्हाइकाला कळवून थांबायचं नाही. आरोग्य अधिकाऱ्याला आणि पर्यावरण खात्यालाही ताबडतोब, तोंडी बोलून सांगायचं, फोनवर माणूस मिळेपर्यंत.

गावातल्या लोकांच्या तब्येतीचा मागोवा संशोधकांनी पुढे कित्येक वर्षं घेतला. त्या मे महिन्यात ज्यांना जोराचे जुलाब झाले होते, त्यांच्यात पुढे उच्च रक्तदाब आणि मूत्रपिंडाच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त आढळल्या. कित्येकांचं आतडं कायमचं नाजूक झालं. अशा माणसांचा रक्तदाब दरवर्षी आणि मूत्रपिंडाचं काम ठरावीक काळानं तपासत राहावं, अशी त्या संशोधकांची शिफारस आहे.